डग्ग्याखाली दबलेला आवाज

मंगळवारी दुपारी आम्ही दोघांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबांत सायकलच्या पंपानं हवा भरली. मी पंप मारत होतो, सिंधू बोटानं ट्यूब दाबून ‘बस’ म्हणून खुणावत होती. माझ्या बायकोबरोबर केलेलं ते शेवटचं काम. सहा आठवडे झाले.

आठ वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. त्याआधी ती आमच्या गल्लीतल्या, दाना ओलीतल्या भजनी मंडळात गायची. तिच्या गाण्याची एकच कॅसेट घरात. पुतण्यानं मोठे स्पीकर आणून दिले. लावले, तर डग्गाच घुमतो! वरच्या मजल्याची आमची जमीन भिंतींवर आडव्या टाकलेल्या लांब दगडी पटियांची, ती सगळी थरथरायची आणि सिंधूचे शब्द त्यात बुडायचे. ती थोडं ऐकायची, उठून जायची. मला ते बघवेना.

मी जन्मभर टोपी बाजारात पिठाची गिरणी चालवली. जे हलतं ते बोल्टानं आवळायचं, एवढंच मला ठाऊक. स्पीकर जमिनीला आवळले. आता खालच्या बिऱ्हाडाची भांडीसुद्धा वाजायला लागली. ते तक्रार घेऊन वर आले, तर मी त्यांच्याशीच भांडलो. चूक माझी होती, पण तेव्हा कोण कबूल करतो...

सिंधूनं माठाखालची चुंबळ उचलून आणली. “अहो, गिरणी नाहीये ती. बोल्ट काढा, खाली ही घाला.” चिंधीची चुंबळ वजनानं चपटी झाली. मग मला सुचली ट्यूब! चुंबळीसारखीच गोल. तिच्यावर जाड फरशी, फरशीवर स्पीकर. हवा ठासून भरली की पुन्हा घुमायचं, ट्यूब मऊ ठेवली की फरशी तरंगल्यासारखी राहायची.

त्या मंगळवारी बटण दाबलं, जमिनीवर तळहात टेकला. काही नाही! गार, गप्प. आणि डग्ग्यामागून सिंधू बाहेर आली... शब्द न् शब्द! मी घरभर ओरडत सुटलो. तिनं कॅसेट तीनदा लावायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाली, “दुसऱ्या कडव्यात चुकलेय मी.” चूक ऐकू आली म्हणून किती खूश होती!

पहाटे उठवायला गेलो, तर उठली नाही.

सकाळी माणसं जमली. कुणी म्हणालं, भजन लावा. मी तिचंच लावलं. पुतण्याची बायको पाच वर्षांपूर्वी मुरारहून लग्न होऊन आलेली, तिनं सिंधूची कुजबुजच तेवढी ऐकलेली. रडता रडता थांबून तिनं विचारलं, “काका, कोण गातंय हे? कितना साफ है.”

मी सिंधूकडे बोट केलं आणि आवाज वाढवला.