माझ्यापुरतं पुरेल

माझा मामा सुतार. नुसतं सुतार म्हटलेलं त्याला चालत नाही, चांगला सुतार म्हणावं लागतं. त्याच्या हातचं दार एका बोटाने ढकललं तरी आवाज न करता लागतं, आणि हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा, करून दाखवतो. लाकडातली फट त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. बाकी नाकासमोरचं काही दिसेल तर शपथ.

त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. फ्लॅट त्याचा, पण खालची जमीन दुसऱ्याची, भाडेपट्ट्याने घेतलेली. पट्ट्याची मुदत संपली की भिंती, खिडक्या, मामाची लाडकी कपाटं, सगळं जमीनमालकाच्या घशात जाणार आणि आत राहणाऱ्याने पिशवी उचलून चालू लागायचं. मुदत वाढवून मिळते, पण पैसे भरून, आणि जितका उशीर तितके पैसे जास्त. इमारतीतल्या एकेकाने ती वाढवून घेतली. मामाकडे विषय काढला की त्याचं एकच ठरलेलं उत्तर, "माझ्यापुरतं पुरेल."

चौदा वर्षं उरली होती आणि मामा पंचाहत्तरीचा. हिशेब अगदी चोख. फक्त त्यात मामी नव्हती. मामी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि तिच्या आईने नव्वदी ओलांडली होती, तीही स्वतःच्या दातांनी चावत. म्हणजे ज्या वयात उठून पाणी घ्यायचा कंटाळा येतो, त्या वयात मामीने भाड्याची खोली शोधत फिरायचं. आप मेला, जग बुडालं ही म्हण आमच्या मामाकडे बघूनच कुणीतरी काढली असणार.

त्यांना मूलबाळ नाही. मी एकुलती एक भाची, त्यामुळे घर कुणाचंही असो, कटकटींची वारस मीच. शेवटी मी मामीला घेऊन एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं नीट समजावलं. जमीनमालकाचा माणूस घर बघायला येईल, त्याची किंमत ठरवेल, आणि त्यावर मुदतवाढीचे पैसे ठरतील. घर जितकं साधं दिसेल तितकं बरं. निघताना त्या मामीला हसून म्हणाल्या, फार आवराआवर करू नका.

आता मामाच्या घरात साधं दिसायची सोय कुठे होती? मामीने बैठकीच्या खोलीत दोरी बांधून ओले कपडे टांगले. भिंतीतल्या पुस्तकांच्या फळ्यांसमोर जुनी गादी उभी केली. राहिलं ते भिंतभर कपाट, मामाचं काळीज. त्याची एक बिजागरी जरा ढिली करा, एवढंच तिने सांगितलं, तर मामाने असं तोंड केलं की जणू बोट तोडायला सांगितलं. मग मामीनेच पेचकस घेतला. दार झोप आलेल्या पोरासारखं एका बाजूला कललं. मामाला सक्त ताकीद मिळाली, खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी तो धड जेवलासुद्धा नाही. बायको बेघर होईल या विचाराने त्याची भूक इतक्या वर्षांत एकदाही मेली नव्हती, ते जाऊ द्या.

किंमत ठरवणारे साहेब आले. सभ्य माणूस, बूट दाराबाहेर काढून आत आला. ओल्या कपड्यांखालून वाकत त्याने खोल्या मोजल्या, गादीकडे बघून मान हलवली. आमचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो कपाटापुढे थांबला, लोंबतं दार हलवून बघितलं आणि सहज म्हणाला, कुणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय.

मामी खोकली. मी खोकले. मामा उठला.

"मी केलंय ते," तो म्हणाला. खिशातून पेचकस काढला (मामीने लपवून ठेवलेला तो त्याने आधीच शोधून काढला होता, यावरून ओळखा), पेच आवळले, आणि एका बोटाने दार लावून दाखवलं. साहेबांनी कौतुकाने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. झालं! मग गादी बाजूला झाली, फळ्या दिसल्या, भिंतीत मिटणारा पलंग उघडला गेला, कुठलं लाकूड, पॉलिशचे किती हात, सगळं पुराण झालं. साहेब भराभरा लिहून घेत होते. जाताना त्यांनी मामाचा हात हातात घेतला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आकडा असा आला की वकीलबाईंनी तो फोनवर सांगितलाच नाही, भेटायला बोलावलं.

घरी आल्यावर मला वाटलं आता भांडी आपटणार. पण मामी मामासमोर शांतपणे बसली.

"एका दारासाठी तुम्हाला पाच मिनिटं गप्प बसवलं नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी मात्र इतकी वर्षं गप्प बसलात."

"अगं, मला वाटलं, माझ्यापुरतं..."

"पुरेल. तुमच्यापुरतं पुरेल. आणि मी?"

मामी उठली, तिने पेचकस घेतला आणि त्याच्यादेखत तीच बिजागरी पुन्हा ढिली केली. मुदतवाढीचा कागद हातात पडेपर्यंत हे असंच राहील, म्हणाली, आणि आमटी गरम करायला गेली.

मामा त्या कपाटावरून जाताना मान फिरवून जाऊ लागला. कुणी आलं की ते दार दिसू नये म्हणून कपाटासमोर खुर्ची ओढून बसायचा. दोनेक महिन्यांनी त्याने आपला कामाचा गाळा विकला, रंधा मारायच्या यंत्रासकट, साठवलेल्या लाकडासकट. शेजारी म्हणाले, बघा, बायकोसाठी जन्माची कमाई दिली. मी म्हटलं, बायकोसाठी कसली, त्याला ते दार बघवत नव्हतं. माझा राग अजून गेला नव्हता, खोटं कशाला बोलू.

कागद आला तेव्हा मी तिथेच होते. आणखी नव्वद वर्षांची मुदत, आणि आजवर कुठल्याच कागदावर नसलेलं मामीचं नाव सगळ्यात वर, मामाच्या नावाच्याही वर. हे त्याने आम्हा दोघींना न विचारता वकीलबाईंकडून करून घेतलं होतं. मामीने ते दोनदा वाचलं. मग डोळे पुसत तिने पेचकस आणून त्याच्या हातात दिला.

मामा कपाटापर्यंत गेला. दाराला हात लावला, जरा उचलून धरलं, आणि सोडून दिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी गेल्यावर कुणीतरी तुला विचारेल, सुताराच्या घरात दार वाकडं कसं? सांग त्यांना."