बोळातून सरळ जाणारी तबकडी

ये गं मने, अशी जवळ बस. आधी ते कानातलं बोंड काढ. फोनवर नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि तिकडं फिनलंडात आपलं काम उरकत असतेस, मला काय कळत नाही व्हय? म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं. पेपरात छापून आलं की तरी पोरगी शेवटपर्यंत वाचील. बाकीच्या वाचणाऱ्यांनीही बसावं, जागा आहे. मी बोलून राहिले ते माझ्या भाचीशी, पण गोष्ट तिच्या आईची आहे. माझ्या धाकट्या बहिणीची, रत्नाची. तिला जाऊन आता काही आठवडे झाले.

त्या दुपारी मी नांदेडला घरी शेंगा फोडत बसले होते आणि लातूरहून फरजानाचा फोन आला. फरजाना म्हणजे रत्नाची शेजारीण, भिंतीला भिंत, रत्नाला आपा म्हणायची. म्हणाली, "अक्का, भाईसाब कवाधरनं पेला वाजवून राहिलेत, अन् आपांचा कूलर काय वाजंना. भिंतीवरून हाका मारल्या, जवाब न्हाई. जाऊन बघू का?" मी म्हटलं, "बघू का काय विचारतीस, पळ!" फोन तसाच हातात धरून ती पळाली. मला इकडं सगळं ऐकू येत होतं. तिच्या चपला, फाटकाची कडी, आणि पेल्यावर चमचा... टिण, टिण, टिण... लांबून येणारा तो आवाज जवळ जवळ येत गेला. मग चपला थांबल्या. चमचा तेवढा वाजत राहिला.

आता हा पेला कसला आणि कूलर कसला, ते सांगते, कुणाला कोड्यात ठेवत नाही. प्रल्हादराव, म्हणजे रत्नाचे मालक, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि लगोलग अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. रत्नानं त्या हातात चमचा दिला आणि उशाशी स्टीलचा पेला पालथा घातला. पाणी पाहिजे, वाजवा. कूस बदलायची, वाजवा. पुढं पुढं काही नको असलं तरी ते वाजवू लागले. एकटं पडायची धास्ती बसली होती माणसाला. रत्ना न्हाणीत गेली की टिण टिण. भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त झाले की टिण टिण. कंधारला माझ्या नातीचं लग्न होतं, हळदीच्या दिवसापर्यंत "येते, येते" म्हणत होती, आली नाही. मी फोनवर चिडले तर म्हणाली, "अक्का, म्या उंबऱ्याभाईर पाय टाकला की त्यो पेला माझ्या मागं मागं येतंय बघ." रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं होतं, माणूस रागानं तरी दार उघडून बाहेर पडतं. तिनं सगळं घर त्या चमच्याच्या आवाजानं मोजून ठेवलं होतं. कुठवर गेलं तर तो ऐकू येतो आणि कुठून पुढं येत नाही. फाटकापाशी तिची हद्द संपायची.

मग मने, तू सुट्टीला आलीस आणि त्या तबकड्या घेऊन आलीस. लाल, पिवळी, निळी. तुमच्या तिकडच्या जंगलात म्हणे झाडाझाडांमधून ही तबकडी फेकत जायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, असा खेळ आहे. आईला म्हणालीस, "बाहेर जाता येत नाही ना, मग बोळात फेक." मी मनात म्हटलं, पोरीचं डोकं थंडीनं गोठलं. साठी ओलांडलेली बाई बोळात ताटल्या फेकणार! आणि बोळ तरी कसला? घर आणि फरजानाची भिंत यांच्यामधली फट ती. समोरून माणूस आलं तर एकानं अंग चोरावं लागतं. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा, जाळ्या कधीच सडून गेलेल्या. प्रल्हादरावांच्या खाटेची खिडकी याच बोळात उघडते. तूच म्हणालीस, कूलर म्हणजे टोपली समज.

पहिले दिवस काय सांगू! मी गेले होते तेव्हा, म्हणून डोळ्यांनी बघितलं. रत्ना फाटकापाशी आडवी उभी राहायची, उजवा खांदा कूलरकडं, तबकडी छातीपाशी धरून हात झटकायची... आणि तबकडी सरळ आभाळात. वर जाऊन क्षणभर थबकायची आणि मागं येऊन हिच्याच पायाशी पडायची. दर वेळी. तू परत गेलेली, तिकडून मोबाईलमधून ओरडून राहिलीस, "आई, पुढची कड वर जातीय, पुढची कड!" आणि ही म्हणायची, "म्या कुठं करून राहिले, तीच जातीय." मला मात्र बघता बघता हसू फुटलं. म्हटलं, "अगं रत्ने, तू तर सूप पाखडून राहिलीस!" खरंच तसंच होतं. सूप पाखडताना शेवटच्या झटक्याला पुढची कड वर उचलावी लागते, नाहीतर दाणे मातीत जातात. फोलपट तेवढं उडायचं आणि दाणा परत आपल्याकडं यायचा. जन्मभर हाताला तेच शिकवलेलं. हात कसा ऐकणार? भिंतीपलीकडून फरजाना म्हणाली, "आपा, ज्वारी आणून देऊ का निवडायला?" तिघी पोट धरून हसलो. आत प्रल्हादरावांनीही पेला वाजवला, तो हसण्याचा होता, मला तरी तसा वाटला.

ती खोड कशानं गेली माहीत आहे? मी निघाले त्या दिवशी जेवण झाल्यावर रत्ना माझ्या हातावर तांब्यानं पाणी घालत होती आणि मधेच थांबली. तशीच, मनगट खाली झुकवलेलं. पाणी माझ्या पायावर सांडून राहिलं. म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "अक्का, हे मनगट बघ. पाणी घालताना अंगठ्याची बाजू आपसूक खाली जाती." तांब्या ठेवला आणि ओल्या हातानं तबकडी उचलली. पाहुण्याच्या हातावर पाणी घालावं तसं मनगट झुकवलं, हात छातीपासून सरळ ओढून नेला आणि... तबकडी वर गेली नाही. पोटाच्या उंचीवरून गेली, खिडकीवरून गेली आणि कूलरवर आपटली. ठण्ण! माझी बस चुकली त्या दिवशी, पण ते सोड.

त्यानंतर तिचं भांडण सुरू झालं ते बाहेरच्या कडेशी. तबकडी हातातून सुटताना अंगापासून लांबची कड जरा खाली झुकली की ती डावीकडं वळते, म्हणजे फरजानाच्या भिंतीवर. तीच कड वर राहिली की उजवीकडं वळते, म्हणजे थेट प्रल्हादरावांच्या खिडकीच्या गजांवर. गजांवर आपटलेलं तिला सोसायचं नाही, ते दचकायचे. म्हणून चुकायचंच तर फरजानाकडं, असं तिनं ठरवून टाकलं. फरजानाच्या चुन्याच्या भिंतीवर लाल, पिवळ्या, निळ्या रेघा उमटल्या. "ईदच्या आधी माझी दीवार रंगवून द्यायची, सांगून ठेवते," असं ती धमकवायची आणि रंगवायला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या रेघा बघितल्या की कळतं. आधीच्या सगळ्या फाटकाजवळ, दाट. मग जरा पुढं, विरळ. मग खिडकीच्या समोर एखाददुसरी. आणि त्याच्यापुढं कूलरपर्यंत भिंत कोरी. झुकायला जागाच नव्हती, तिथं ती तबकडी सपाट न्यायला शिकली.

आणि एक झालं, जे तुला तिकडं बसून कळलं नसेल. प्रल्हादराव पेला वाजवायचे आणि रत्ना आतून "आले" म्हणायच्या ऐवजी बोळातून तबकडी फेकायची. खिडकीवरून रंग सर्रकन जायचा, कूलर वाजायचा, आणि ते शांत व्हायचे. आहे, इथंच आहे. टिण टिण... ठण्ण. दिवसभर त्या दोघांचं असं बोलणं चालायचं. मला सुरुवातीला वाटलं, बरं झालं, हिला खेळ मिळाला. मग एकदा ध्यानात आलं, की खेळाचीही हजेरी झाली. अंगात ताप असला तरी ती फाटकापाशी उभी. म्हटलं, "पडून राहा की जरा." म्हणाली, "कूलर वाजला न्हाई तर त्यांचा जीव घाबरा होतंय."

म्हणून तर पुढच्या खेपेला तू हट्ट धरलास. "मी बसते बाबांपाशी, तू मावशीकडं जा आणि एकदा मोकळ्यात फेकून ये." मी तिला मुदखेडला नेलं, माझ्या दिराच्या रानात. सोयाबीन निघालेलं, काळं रान नजर जाईल तिथवर उघडं, पलीकडं धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, तूर उभी. या खेपेला तू साखळ्यांची घडीची टोपली आणली होतीस, ती रोवली मधोमध. रत्ना उभी राहिली. फेकली. सरळ. दुसरी फेकली. सरळ, पोटाच्या उंचीवरून, सुतात धरल्यासारखी. मी म्हटलं, "अगं फेक की कशीबी! इथं कुणाची भिंत हाय?" तिनं प्रयत्न केला. मला दिसत होतं, खांदा वळवायची, कंबर वळवायची, आणि शेवटच्या क्षणी हात आपला अंगाशी यायचा. उघड्या रानातही ती बोळातच फेकत होती. खाली बसली ढेकळावर. "हातच वळंना गं, अक्का," म्हणाली. मधेच मान वळवून ऐकायची, पेला वाजला की काय... मुदखेडला! लातूरचा पेला!

मीही फेकून बघितली, तिला हसवायला. माझी पडली दोन पावलांवर. ती म्हणाली, "तू सोडून देतीस लवकर. सोडायची न्हाई. घट्ट धरायची शेवटपर्यंत, ती आपली आपण सुटती." आणि दाखवायला म्हणून उठली, लाल तबकडी घेतली. या वेळी काय झालं देव जाणे, बाहेरची कड चांगली खाली झुकवली तिनं, हात पुरता फिरू दिला. तबकडी टोपली सोडून भलतीकडं निघाली, मग हळूहळू, घारीसारखी डावीकडं वळत वळत, उतरत गेली ती थेट तुरीत. मी शोधायला धावले. रत्ना जागची हलली नाही. हाक मारून म्हणाली, "राहू दे अक्का. एक तरी भाईर राहू दे." आणि लगेच, "चल, शेवटची बस गावती का बघू." मुक्कामाला आलेली बाई, त्याच दिवशी परत गेली.

तिचा जीव गेला तेव्हा ती खिडकीच्या खालीच बसलेली होती. तबकडी उचलून परत फाटकाकडं येत असेल, जरा टेकली असेल भिंतीला. पिवळी तबकडी मांडीवर. प्रल्हादरावांना वरून दिसली नाही. हाताच्या अंतरावर ते पेला वाजवत राहिले...

तू आलीस, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली, तुझी रजा संपली. मी म्हटलं, मी राहते थोडे दिवस. घरात माणसं होती, बोळात मंडपवाल्याच्या खुर्च्या रचलेल्या होत्या, तोवर प्रल्हादराव गप्प होते. खुर्च्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेला सुरू झाला. मी धावत गेले. पाणी नको. कूस नको. नजर खिडकीकडं. मला कळायचं ते कळलं. बत्ता घेऊन बोळात गेले आणि कूलरवर हाणला, ठण्ण वाजला चांगला. आत येऊन बघते तर त्यांनी मान भिंतीकडं फिरवलेली. खिडकीवरून काही गेलंच नव्हतं ना. माणसाची वाचा गेली, अक्कल नाही गेली. त्या दिवसापासून जेवण निम्मं झालंय त्यांचं.

म्हणून आता मीच उभी राहते फाटकापाशी, पिवळी तबकडी घेऊन. तुझ्या आईच्या पायानं तिथली फरशी गुळगुळीत झालीय, पाय बरोबर तिथंच बसतो. पण माझा हात अजून सूप पाखडतोय. तांब्या आठवते, मनगट झुकवते, आणि तबकडी वर जाऊन पायाशी पडते. फरजाना भिंतीवरून बघते, हसत नाही आताशा. माझ्या नांदेडच्या घराला कुलूप आहे, कुंड्या वाळल्या असतील. मीही आता या घराची हद्द ओळखायला लागले. परवा भाजी घ्यायला गेले तर कोपऱ्यावरून परत फिरले. कुणी बोलावलं नव्हतं. पेलाही वाजला नव्हता.

तर मने, ये. पैसे पाठवू नकोस, बाई ठेव म्हणू नकोस, बाई ठेवलीय, चांगली आहे. ये आणि बोळात उभी राहा. तुझा हात आईचा आहे, मी पाहिलाय. एक सपाट, सरळ फेक खिडकीवरून जाऊ दे, कूलर वाजू दे, त्या माणसाला पोटभर जेवू दे. आणि मग मला शिकव नीट, समोर उभी राहून, मोबाईलमधून नको. मी घट्ट धरते, तू म्हणशील तोवर धरते. तू निघालीस की इथं मलाच राहायचंय.

हे बघ, लिहिता लिहिता पुन्हा सुरू झालं... जाते मी. ये गं लवकर.