खांबावरचा खिळा

पहाटेपासून धुकं इतकं दाट, की शेणाची पाटी कुठे ठेवली तेही काकूंना दिसेना. दिसत होती फक्त ठिपकी. दावणीशी आडवी पडलेली, मान ताणलेली. पहिल्या वेताची कालवड. दोन तास कळा देत होती, पण वासराची दोन खुरं तेवढी बाहेर आली होती.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंत घातलेला हात बाहेर काढला. "वाट अरुंद आहे, काकू. कालवड लहान असतानाच भरवली, गाभण केली तुम्ही. आता दोन्हीही हाती लागतील असं सांगत नाही."

"माझी ठिपकी आणि लहान?" काकू उसळल्या. "दीड दिवसाची होती, आई गेली तेव्हा. बाटलीनं वाढवली. हगवण लागली तेव्हा आठ दिवस जागची हलले नाही मी. आणि पाठ खांबावरच्या खिळ्याला लागल्याशिवाय आमच्याकडे कालवड भरवत नाहीत. वीस वर्षांत एकही अडली नाही."

"मला बघायला आल्या, तेव्हा तो खांब तेवढा सोबत आणला नव्हता," दोर घेऊन आलेली सून पुटपुटली.

डॉक्टरांनी खुरांना दोर बांधला. "कळ आली की ओढायचं. मधे नाही."

काकूंनी खांबाला पाठ लावून पाय रोवले, आणि खिळा टोचला. टोचला तो खांद्याच्या चांगलाच खाली. इतकी वर्षं तो बरोबर खांद्याला लागायचा.

त्यांनी पायाखाली पाहिलं. दीड वर्षापूर्वी घातलेला सिमेंटचा कोबा. चार बोटं जाड. जमीन वर आली, कालवड वर आली, खिळा मात्र होता तिथेच राहिला.

"ओढा!"

दोर तळहातात रुतला. ठिपकी हंबरली नाही, नुसती कण्हली. "ओढा!" वासराचे खांदे अडले, अडले, आणि ते एकदम कोब्यावर येऊन पडलं. निपचित. डॉक्टरांनी नाकपुडीत गवताची काडी फिरवली. वासरू शिंकलं.

ठिपकी मात्र मान टाकून पडली होती. काकूंनी ओलं वासरू ओढत तिच्या तोंडाशी नेलं. "चाट गं बाई. चूक माझी, तुझी नाही."

बराच वेळ काहीच नाही. मग जीभ बाहेर आली. ठिपकी दोनदा उठता उठता कोसळली. तिसऱ्यांदा थरथरत का होईना, चारी पायांवर उभी राहिली.

"रेतनवाल्याला फोन कर," काकू सुनेला म्हणाल्या. "धाकट्या कालवडीसाठी उद्या येऊ नको म्हणावं. तिला भरवायला अजून वेळ आहे."

त्यांनी पकडीनं खिळा उपटला, चार बोटं मोजून वर ठोकला. धुकं विरळ झालं होतं. शेणाची पाटी खांबामागेच होती. काकूंनी ती उचलली.