कानपिळीचं कापड

मी ब्लाउज शिवते. चौलात आमच्या सुपारीच्या वाडीला लागून घर आहे, घराच्या पडवीत माझं मशीन. पंधरा-सोळा वर्षं झाली, आसपासच्या बायकांची मापं आणि निम्मी गुपितं माझ्या वहीत आहेत. कोणाचं कापड कुठल्या कार्यातलं, हे मला विचारावं लागत नाही. मानाच्या कापडाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं असतं. ते धुतल्याशिवाय निघत नाही.

असाच एक शर्टपीस घेऊन एकदा माझी भावजय आली. रेवदंड्याहून बाजार करून येताना वाटेत उतरली होती.

"वन्सं, ह्यांना हा रंग आवडत नाही. मला टॉप निघेल का बघा ना."

कापड चांगलं होतं, आकाशी, बारीक रेघेचं. कोपऱ्याला कुंकू. मी विचारलं, "कुठलं गं लग्न?"

"पालीकडचं. ह्यांच्या कारखान्यातल्या कोणाचं तरी. नवरीला भाऊ नव्हता म्हणे, म्हणून कानपिळीचा मान ह्यांना दिला." एवढं बोलून ती सुरमईच्या भावाकडे वळली आणि तासभर तिथेच राहिली.

आमच्याकडे होमाच्या वेळी नवरीचा भाऊ पुढे येतो. तो तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवऱ्याचा कान पिळतो. म्हणजे, बाबा रे, हिला नीट सांभाळ, हिच्या पाठीशी मी आहे. त्याबद्दल नवरा त्याला कापड नाहीतर काहीतरी वस्तू देतो. मग सप्तपदी. माझ्या लग्नात माझ्या भावाने कान इतका जोरात पिळला होता की नवरदेव "आई गं" म्हणाले आणि मांडव हसला. त्याला घड्याळ मिळालं होतं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आईमागे मीच त्याला न्हाऊमाखू घातलेला. पुढे ह्यांनीच, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याला आपल्या रोह्याच्या कारखान्यात चिकटवला. हे तिथे सुपरवायझर. आठवडाभर तिथल्या खोलीवर राहायचे आणि रविवारी चौलला यायचे. अलीकडे रविवार चुकायला लागले होते. काम वाढलं म्हणायचे. मी विश्वास ठेवायची. मूर्ख होते, दुसरं काय!

भाऊ पुढच्या आठवड्यात आला तेव्हा मी त्याची थट्टा केली. देवाशपथ, मनात काही नव्हतं. चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "काय रे, नवी बहीण केलीस म्हणे! मला साडी नको, निदान ओळख तरी करून दे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कप खाली ठेवला आणि तो मशीनशेजारी जमिनीवरच बसला.

"तुला कोणी सांगितलं ताई?"

"काय सांगितलं?"

आणि मग त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. लग्न ह्यांचं होतं. पालीच्या अलीकडे एका छोट्या कार्यालयात पन्नासेक माणसं. मुलगी सुधागडातल्या एका गावची, आईबाप शेतावर, भाऊ नाही. पहिली बायको सोडून गेली असं तिला सांगितलेलं. भटजींनी आवाज दिला, नवरीचा भाऊ कुठाय, नवरीचा भाऊ? कोणी उठेना. तेव्हा ह्यांनी मागे वळून माझ्या भावाला खूण केली.

"आणि तू उठलास?"

"भावोजी म्हणाले, ये. ताई, मला काही सुचलंच नाही. कारखान्यात त्यांच्या हाताखाली..."

"कान पिळलास?"

तो रडायला लागला. "हळू पिळला," म्हणाला.

हळू पिळला! त्या शब्दांवर मला हसू आलं. मेल्या, एवढी लाज होती तर हात खिशात का नाही ठेवलास? मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, लहानपणी घालायची तसे. मग विचारलं, सप्तपदी झाली का. झाली म्हणाला. तांदळाचे सात पुंजके, प्रत्येकावर सुपारी, सातही पावलं त्याने पाहिली. एक सुपारी घरंगळली तीसुद्धा ह्यानेच उचलून ठेवली. कसला कामसू भाऊ माझा!

ह्यांना मी फोनवर विचारलं. "तुला काय कमी पडतंय?" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. त्यानंतर चौलला पाऊल टाकलं नाही.

पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. मारतो का? नाही. माहेराहून काही आण म्हणून छळतो? नाही. मग छळाचं कलम बसत नाही. व्यभिचाराचं कलम तर आता राहिलेलंच नाही. उरतं ते एकच, पहिली बायको असताना दुसरं लग्न करण्याचं, आणि त्यात आम्ही थेट हात घालू शकत नाही, तुम्ही कोर्टात खासगी फिर्याद करा. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. बावीस वर्षांचा संसार मोडला होता आणि तो कुठल्या कलमात बसतो ते मलाच शोधायचं होतं.

अलिबागला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सरळच सांगितलं. नुसतं एकत्र राहणं गुन्हा नाही. हारांचे फोटो चालत नाहीत, हार काय पुढाऱ्यांनाही घालतात. दुसरं लग्न विधीपूर्वक लागलं, होम झाला, सात पावलं चालली, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने शपथेवर सांगायला हवं. ते सांगितलं तर शिक्षा. नाही तर तुमच्या मिस्टरांनी कायद्याच्या दृष्टीने लग्नच केलेलं नाही.

"कोण आहे असं?"

"आहे की," मी म्हटलं, "माझा सख्खा भाऊ." त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

भटजींना आठवेना, हंगामात दिवसाला तीन लग्नं लावलेला माणूस. कार्यालयवाल्याने कानावर हात ठेवले. त्या मुलीकडचं कोणी बोलणार नव्हतंच. शर्टपीस मी पिशवीत घालून नेला होता. वकीलबाई हसल्या, पण दुष्टपणाने नव्हे. कुंकू लागलेलं कापड काय, कुठल्याही पूजेत मिळतं. भावजयीने ऐकलं तेही ऐकीव. सगळी भिस्त भावावर होती. तो दर खेपेला म्हणायचा, "ताई, तुझ्या पायाची शपथ. मी बोलणार."

साक्षीच्या दिवशी मी लवकर जाऊन बसले. तो आला, माझ्याकडे न बघता पिंजऱ्यात चढला. ह्यांच्या शेजारून गेला तेव्हा हे किंचित सरकले, त्याला वाट द्यायला. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

वकीलबाईंनी विचारलं, त्या दिवशी पालीजवळच्या कार्यालयात तुम्ही होतात?

"नाही. मी तिथे नव्हतो."

माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. वकीलबाईंनी परत विचारलं, फिरवून विचारलं, परवानगी घेऊन उलटतपासणीसारखं विचारलं. शर्टपीस? दुकानातून घेतला. बायकोला काय सांगितलं? काही नाही. मग ह्यांचे वकील उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"फिर्यादी म्हणतात, तुम्ही त्या मुलीचे भाऊ म्हणून तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. हे खरं आहे का?"

माझ्या भावाने मान वर केली. "साहेब, मला एकच बहीण आहे. तिच्याच नवऱ्याच्या लग्नात मी दुसरीचा भाऊ होईन का? कुठला भाऊ असं करील?"

कोर्टात कोणीतरी चक् केलं. मागच्या बाकावरच्या एका अनोळखी म्हाताऱ्या बाईने मान डोलावली, खरंच आहे, कुठला भाऊ करील! निकालातही तेच आलं. सख्खा भाऊ असं वागेल हे संभवनीय वाटत नाही, विधी सिद्ध झालेले नाहीत, आरोपी निर्दोष. म्हणजे बघा, त्याने केलं तेच इतकं वाईट होतं की ते त्याने केलं असेल हे कोणाला पटेना. कुंपणाने शेत खाल्लं, आणि वर कुंपणाचीच साक्ष, की कुंपण कधी शेत खातं का!

ह्यांनी शपथेवर सांगितलं होतं की ती बाई आपली कोणी नाही, एका पूजेला दोघं शेजारी बसले होते एवढंच. तिला हे कोणी कळवलं की नाही, माहीत नाही. तिचा राग मी खूप केला, पण त्या वाक्याला माझाही जीव चरकला. ती बिचारी सात पावलं चालली आणि कोणाचीच झाली नाही. मी अजून त्यांची बायको आहे, कायद्याने एकुलती एक. त्याचं लोणचं घालू?

भाऊ दिवाळीपर्यंत आला नाही. आठवड्यातून एकदा भावजय यायची, घटकाभर टेकून जायची. तिने टॉपचं नाव काढलं नाही. ते कापड मशीनच्या खणात पडून होतं. कारखान्यात तो कायम झाल्याचं मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

भाऊबीजेला मी तबक तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू, सगळं. कोणासाठी करते आहेस, असं मनाने विचारलंच. दिवस मावळला तसा तो आला. नवा शर्ट, हातात साडीची पिशवी. वाडीच्या फाटकाशीच थांबला, आत यायचा धीर झाला नसावा.

"ताई," म्हणाला, "येऊ का?"

आमच्या वाडीत सुपारी आणि नारळ इतके दाट आहेत की बीजेची कोर घरातून दिसत नाही. ती समुद्राच्या अंगाला खाली असते आणि लगेच मावळते. ती बघायची तर फाटकातच यावं लागतं. मी निरांजन लावलं, पदर डोक्यावर घेतला आणि तबक हातात घेऊन फाटकाकडे चालत गेले.

मी येते आहे हे पाहून त्याने पिशवी खाली ठेवली. खिशातून रुमाल काढला, घडी उलगडून डोक्यावर टाकला. दर वर्षी टाकतो तसा. त्याचे डोळे भरले होते.

मी त्याच्या शेजारून पुढे गेले. रस्त्यावर उभी राहिले. पश्चिमेला बारीकशी कोर होती. भाऊ नसलेल्या बाया तिलाच ओवाळतात. लहानपणी शेजारच्या एका काकूंना ओवाळताना मी पाहिलं होतं आणि मला त्यांची कीव आली होती. मी चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, तीनदा ओवाळलं.

"ताई, मी आहे ना गं," तो मागून म्हणाला.

"तू नाहीस," मी म्हटलं. "तू कोर्टात शपथेवर सांगितलंस, मी तिथे नव्हतो. मग इथे तरी कसा असशील?"

मी परत फिरले तेव्हाही तो तसाच उभा होता, डोक्यावर रुमाल घेऊन. मी आत आले आणि फाटकाला कडी घातली.