दृष्ट काढलेलं मशीन
मिरची जळल्याचा ठसका उठला की मला सासरची, कुडपणची ती दुपार आठवते. मोठ्या जावेच्या लेकीची हळद होती आणि नवरीचा झंपर मी माझ्या माहेरच्या मशीनवर शिवत होते. दोरा एकदाच तुटला, तर जाऊ सगळ्या बायकांत म्हणाली, "वांझेचा हात लागला, दोरा टिकायचा नाय!" मला उठवून तिनं स्वतः नवी सुई बसवली, पण चपटी बाजू उलटी ठेवून. मला लगेच दिसलं. मी गप्प तांदूळ निवडत बसले. दोरा वितीवितीला तुटू लागला. तिनं रीळ बदललं, तेल सोडलं, शेवटी मीठमिरच्या ओवाळून मशीनची दृष्ट काढली. घरभर ठसका झाला, दोरा तुटतच राहिला. महाडहून नवरदेवाची उष्टी हळद दारात आली, नवरी नुसता पदर लपेटून बसलेली, तेव्हा जाऊ माझ्यापुढे येऊन म्हणाली, "तू बघ गो जरा." मी सुई फिरवून बसवली, सरसर शिवण मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वांझेनं शिवलेला चालंल ना?" तिनं खाली मान घालून तो लेकीच्या अंगात घातला. जाऊ आता नाही. मशीन आहे, आणि सुई बदलताना मी अजून तेच विचारते, मोठ्यानं.