ऑर्व्ही ब्रुबाकरचा पहिला नकार

आमच्या कंपनीत कुणाच्या डोक्यात काही नवं आलं की तो आधी ऑर्व्ही ब्रुबाकरकडे जातो. आम्ही घरात वापरायच्या वस्तू बनवतो. फोनवरून उघडणारी कुलपं, आपोआप मंद होणारे दिवे, दारावरच्या घंटा, असलं सगळं. ऑर्व्ही आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. साठी उलटलेला, उंच, जरा वाकलेला. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघतो.

दर बुधवारी जेवणानंतर प्रयोगशाळा सगळ्यांना मोकळी असते. हिशेब बघणाऱ्यांनीही यावं, हवं ते सामान घ्यावं, हवं ते जोडावं. ही प्रथा ऑर्व्हीनेच सुरू केली. तिथे कुणीही कसलीही कल्पना घेऊन गेलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं.

"बनवून बघ."

"पण चालेल का ते?"

"मी काय ज्योतिषी आहे? बनवून बघ."

एकदा मी एक दिवा बनवला. घरात आवाज चढले की तो मंद व्हायचा. भांडणाऱ्यांना भान यावं हा हेतू. ऑर्व्हीने तो आपल्या घरी नेऊन लावला. त्या रात्री हॉकीचा सामना होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको लोरेटा मला फोनवर म्हणाली, "दिव्याचा गुण आला हो. काल आपला गोल झाला तेव्हा आम्ही सगळे अंधारात नाचत होतो."

वस्तू घरात ठेवणं हा ऑर्व्हीचा नियम होता. नवी वस्तू आधी बनवणाऱ्याच्या घरी राहायची, मग कंपनीशी काही संबंध नसलेल्या एखाद्या घरी. काही आठवडे गेले की ऑर्व्ही त्या घरी कॉफीला जायचा आणि वस्तूबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नुसता म्हणायचा, "काय चाललंय?" आणि ऐकत बसायचा. तो म्हणे, वस्तूबद्दल विचारलं की माणसं परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात.

तो कुणालाच 'नाही' का म्हणत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ऑर्व्हीचा जन्म एल्मायरा गावाजवळच्या शेतावरचा, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या, अजून घोडागाडीच वापरणाऱ्या जुन्या घरातला. त्यांच्या मंडळीत कुठलीही नवी वस्तू घरात यायची तर आधी वडीलधारे बसून विचार करत. एकोणिसाव्या वर्षी ऑर्व्हीने जुन्या बॅटरीवर एक घंटा बनवली. आईने स्वयंपाकघरात बटण दाबलं की गोठ्यात वाजायची, म्हणजे जेवण तयार आहे हे पुरुषांना कळावं. काळ्या टोप्या घातलेले वडीलधारे आले, त्यांनी तारा बघितल्या आणि नको म्हणाले. आज घंटा लावलीत तर उद्या घरातून गोठ्यापर्यंत चालत कोण येईल, असं त्यांचं म्हणणं. बटणाला त्यांच्यापैकी एकानेही हात लावला नाही. पुढे तीन वर्षांनी ऑर्व्हीने ते घर सोडलं, शहरात आला, दिवसा काम आणि संध्याकाळी कॉलेज केलं. आपण कुणाच्या हातातली वस्तू अशी बाजूला ठेवायला लावणार नाही, एवढं त्याने तेव्हा ठरवलं असावं.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे डॅनिका वुकोविच आली. सर्बियातल्या नोव्ही सादची, सत्तावीस वर्षांची, हाताने वेगवान आणि जिभेनेही. ती कंत्राटावर होती आणि कंत्राट डिसेंबरात संपणार होतं. तिने एक चकती बनवली. स्वयंपाकघरात चहाचा किंवा कॉफीचा डबा त्या चकतीवर ठेवायचा. सकाळी एकट्या राहणाऱ्या आईने डबा उचलला की दूर असलेल्या मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटतो. दहा वाजेपर्यंत डबा हलला नाही तर ठिपका लाल. कॅमेरा नाही, कान देऊन ऐकणारं यंत्र नाही. आई उठली, ठीक आहे, एवढंच कळतं.

अशा वस्तू आधीही निघाल्या होत्या, पण इतक्या साध्या आणि स्वस्त नव्हत्या. आमची संचालक ग्वेन लॉबसिंगर हिला ती इतकी आवडली की तिने डॅनिकाला सरळ सांगितलं, पुढच्या वर्षीच्या मालात ही चकती आली तर कायमची जागा तुझी. फक्त नियमाप्रमाणे ऑर्व्हीची सही हवी. ती अडचण कुणालाच वाटली नाही. ऑर्व्हीची सही म्हणजे उन्हाळ्यातले डास, न मागता मिळणार.

पहिली चकती डॅनिकाने वसंताच्या सुरुवातीलाच आईकडे नोव्ही सादला पाठवली होती. दुसरी ऑर्व्हीने एल्मायरातल्या विल्मा शांट्झकडे ठेवली. विल्मा ऐंशीची, एकटी राहणारी. तिचा मुलगा कर्टिस तासाभराच्या आतल्या अंतरावर ग्वेल्फला. ऑक्टोबरात ऑर्व्ही तिच्याकडे कॉफीला निघाला तेव्हा त्याने डॅनिकाला आणि मला बरोबर घेतलं. डॅनिका खुशीत होती. चकतीच्या नोंदी उत्तम आल्या होत्या. बरेच दिवस हिरवा ठिपका, मग दोनदा लाल, आणि दोन्ही वेळा कर्टिस गाडी काढून आईच्या दारात.

विल्माने कॉफी ओतली, बटर टार्ट पुढे केले.

"काय चाललंय, विल्मा?" ऑर्व्हीने विचारलं.

"चाललंय आपलं. मंगळवारी कर्टिस येऊन गेला. त्याच्या आधीच्या आठवड्यातही आला होता."

"बरं झालं की. एरवी नाही येत?"

"एरवी फोन करायचा. रोज, कामावर जाताना गाडीतून. 'आई, उठलीस का?' एवढंच विचारायला. मग माझं गुडघ्याचं पुराण, त्याचं साहेबाच्या नावाने बोटं मोडणं. ही चकती आली आणि ते बंद झालं. मी उठले ते दिसतं ना त्याला, मग फोन कशाला?"

आता डॅनिकाला राहवेना. "पण त्या दोन दिवशी तो धावत आला ना? तुला बरं नव्हतं का?"

"मला काय धाड भरलीय? मी डबा उचललाच नाही. ग्लासभर दूध प्यायले आणि खिडकीत बसले. अकराच्या आत दारात उभा, तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, आलाच आहेस तर बस, ॲपल पाय कालच केलाय." विल्माने डॅनिकाच्या ताटलीत आणखी एक टार्ट ठेवला. "खा गं. किती वाळलीयेस. ही चकती कुणी बनवली ते मला माहीत नाही, पण फार गुणाची आहे. दर आठवड्याला नाही करायची मी असं. मुलाला धसका बसेल."

परतताना ऑर्व्हीने गाडी मोठ्या रस्त्याने न घेता शेतांमधून घेतली.

"लबाड आहे म्हातारी," डॅनिका म्हणाली.

"आहे."

"आणि फोन कर्टिसने बंद केला. माझ्या चकतीने त्याला सांगितलं नव्हतं बंद कर म्हणून."

"खरं आहे."

"माझी आई समुद्रापलीकडे आहे, ऑर्व्ही. मी अकराच्या आत तिच्या दारात उभी राहू शकत नाही. झोपण्याआधी हिरवा ठिपका दिसतो, तिकडे सकाळ झाली, ती उठली, एवढं कळलं की मला झोप लागते. ग्वेल्फच्या लोकांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

"तेही खरं आहे."

"सगळंच कसं खरं असेल? काहीतरी एक बोल ना बाबा."

ऑर्व्हीने समोरच्या घोडागाडीला वाट देत गाडी हळू केली. "आमच्या वडीलधाऱ्यांनी बटण एकदाही दाबून बघितलं नाही, त्याचा राग मला अजून येतो," तो म्हणाला. "पण त्यांनी जे विचारलं होतं ते विचारायलाच हवं होतं. दुपारच्या जेवणाला बोलवायला माझी धाकटी बहीण गोठ्यात यायची. वाटेत कुंपणावर चढायची, बापाच्या खांद्यावर बसून परत जायची. घंटेचा विचार करताना ती माझ्या हिशेबातच नव्हती."

डॅनिकाने खिडकीकडे तोंड फिरवलं. या बोलण्याचा रोख तिला कळला होता, आणि मलाही.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. ग्वेनने नोंदी पडद्यावर लावल्या होत्या. "डबा हलला नाही, मुलगा दारात. जाहिरात आयतीच तयार आहे," ती म्हणाली. "ऑर्व्ही, सही करून टाक म्हणजे आपण पुढच्या विषयाकडे वळू."

"नाही," ऑर्व्ही म्हणाला.

ग्वेनला ती थट्टा वाटली. "तुला हा शब्द येतो हे मला माहीत नव्हतं."

"सवय नाही. म्हणून जरा अवघड जातोय." त्याने विल्माकडे ऐकलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "वस्तू बिनचूक चालते. पण या रूपात ती दोन माणसांमधलं बोलणं काढून घेते आणि त्या जागी ठिपका ठेवते. यावर माझं नाव नको."

"लोकांना काळजी नको असते, ऑर्व्ही. त्याचेच ते पैसे देतात. आईला फोन कर हे सांगायला त्यांच्या घरी बायको असते." ग्वेन वाईट बाई नाही. तिचं म्हणणं बाजाराच्या बाजूने बरोबर होतं, आणि ते ऑर्व्हीही जाणून होता. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या सहीशिवाय ही मालात जाणार नाही. डिसेंबरपर्यंत दुसरं काही दाखवा. नाहीतर ही जागा मला दुसऱ्या गटाला द्यावी लागेल."

बाहेर येताच डॅनिका त्याच्यासमोर उभी राहिली. "वस्तू तुझी आहे म्हणाला होतास."

"तुझीच आहे."

"मग सगळ्यांसमोर माझी नोकरी कशी काय घालवलीस? तू त्या तुमच्या म्हाताऱ्यांसारखाच आहेस. फक्त टोपी नाही डोक्यावर."

ऑर्व्हीचा चेहरा उतरला. "ते नाही म्हणाले आणि घरी गेले," तो हळूच म्हणाला. "मी बुधवारी इथेच आहे."

ती त्याला ओलांडून निघून गेली. मी तेव्हा डॅनिकाच्या बाजूचा होतो, हे सांगायला हवं. माणसाला उत्तेजन द्यायचं, त्याच्या हातात सामान द्यायचं, आणि काठावर आल्यावर पाय मागे ओढायचा, हा कुठला न्याय? ऑर्व्ही आयुष्यभर ज्या माणसांवर रागावला, शेवटी त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसला असं मला वाटलं. ऑर्व्हीलाही तसंच वाटत असणार. त्या आठवड्यात तो कुणाच्याच हातातल्या वस्तूकडे नीट बघत नव्हता.

डॅनिकाने त्या रविवारी आईला फोन केला. एरवी त्यांचं बोलणं सणावाराला व्हायचं. रोज ठिपका होताच. या वेळी तिला कुणाच्या तरी नावाने ओरडायचं होतं. सगळं सांगून झाल्यावर ती आईला म्हणाली, "निदान तू तरी रोज वेळेवर कॉफी करतेस. तुझ्या जिवावर तर माझी चकती उभी आहे."

"कॉफी?" आई म्हणाली. "कॉफी मी वसंतातच सोडली. रक्तदाब चढला होता, डॉक्टरांनी बंद केली."

"मग डबा कसा उचलला जातो?"

"मी उचलते ना. तू जागी राहून वाट बघत असशील म्हणून. उचलते, परत ठेवते."

हे डॅनिकाने मला कँटीनमध्ये सांगितलं, सूप ढवळत, अगदी सपाट आवाजात. "वसंतात, समजलं तुला?" ती म्हणाली. "ती आजारी पडली, बरी झाली, आणि मला सगळे दिवस हिरवे दिसले."

बुधवारी जेवणानंतर ती प्रयोगशाळेत आली. ऑर्व्हीकडे न बघता तिने चकती उलटी केली आणि स्क्रू काढायला लागली. ऑर्व्ही स्टूल ओढून शेजारी बसला.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"बरं."

"ठिपका काढून टाकतेय. डबा उचलला की आई बोलेल, अर्धा मिनिट. काय वाटेल ते. ते मला ऐकू येईल, आणि मी उठले की माझं तिला. ऐकल्याशिवाय ते पुसलं जाणार नाही. आणि माझ्याशी वाद घालू नकोस, कारण मी बोलत नाहीये."

"माइक कुठे बसवशील? तळाला जागा नाही."

"तेच कळत नाहीये मेलं." तिने चकती त्याच्याकडे सरकवली. "धर. घट्ट धर, हलवू नकोस."

त्या दुपारपासून ऑर्व्हीने आपली बाकीची कामं माझ्या गळ्यात टाकली आणि तो डॅनिकाचा मदतनीस झाला. तिने सांगायचं, त्याने तारा जोडायच्या. ती त्याला चारचौघांसमोर रागवायची आणि तो ऐकून घ्यायचा.

डिसेंबरात ग्वेनने नवी चकती बघितली. तिला ती पटली नाही. "बोलायला वेळ नसलेल्या माणसांना तुम्ही बोलायचं यंत्र विकताय," ती म्हणाली. तरी तिने डॅनिकाचं कंत्राट जूनपर्यंत वाढवलं आणि आणखी काही घरांत चकती ठेवून बघायला सांगितली. कायमची जागा दुसऱ्या गटाला गेली.

नवी चकती विल्माकडेही आहे. कर्टिसची तक्रार आली आहे की अर्धा मिनिट संपलं की आई डबा पुन्हा उचलते, आणि ग्वेल्फहून कामावर पोहोचेपर्यंत गुडघ्याचं पुराण संपत नाही. डॅनिका म्हणते, ही तक्रार ग्वेनला दाखवायची की नाही ते अजून ठरलेलं नाही.

जूनमध्ये काय होईल ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. ऑर्व्हीने तिची नोकरी घालवली हे डॅनिका विसरलेली नाही, आणि दर दोन-चार दिवसांनी ती ते बोलूनही दाखवते. ऑर्व्ही एकदाही म्हणत नाही की, जाऊ दे आता. तो स्टूलवर बसून राहतो आणि तिचं बोलून झालं की पुढची तार मागतो.