कोण जिंकून राह्यलं?

आरमोरीकडच्या कबड्डीत कोणी डोक्यावर आपटला की चौघांनी त्याला उचलायचं आणि तोंडावर पाणी मारायचं, ही आमची जुनी रीत. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी ती मोडली.

"उचलू नका रे त्याले!" असं ओरडत त्या धावतात, मान हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला विचारतात, "कोण जिंकून राह्यलं?" उत्तर आम्ही प्रेक्षकच ओरडतो आणि बाईंच्या शिव्या खातो.

परवा धावताना बाई स्वतःच आपटल्या. कोणीही उचललं नाही. कप्तानानं मान धरून विचारलं, "बाई, कोण जिंकून राह्यलं?"

या वेळी आम्ही प्रेक्षकांनी उत्तर ओरडलं नाही.

पडल्यापडल्याच बाई खुदकन हसल्या. "मीच जिंकली रे!"